रात्री २ वाजता कोण जागं असतं?

ताई, नमस्कार. आम्ही पहिल्यांदाच शेल्टरमधून मांजरीची तीन अनाथ पिल्लं तात्पुरती सांभाळायला आणली. आली तेव्हा २ आठवड्यांची होती, आता ६ आठवड्यांची झालीत. ८ आठवड्यांची झाली की परत द्यायचं ठरलंय. माझी मुलं (१२ आणि ९ वर्षं) त्यांच्यात पार रमलीत. मलाही पांढऱ्या पायांच्या पिल्लाने असा लळा लावलाय की तिला कायमची ठेवून घ्यावीशी वाटते. नवरा मात्र एकच घोकतो, 'ठरल्या दिवशी तिन्ही परत.' त्याला मायाच नाही. रात्रीचं दूध तोच पाजायचा, पण तो तसाही जागाच असतो म्हणून. आता शेल्टरने रात्रीची बाटली बंद करायला सांगून आठवडा झाला, तरी हा २ वाजता उठून त्यांच्यापाशी बसतो. मग मुलांसमोरच एवढा कोरडेपणा कशाला? त्याचं मन कसं वळवू?
– मांजरवेडी आई

मांजरवेड्या आई,

'तो तसाही जागाच असतो.' अहो, हे चार शब्द लिहून तुम्ही पुढे गेलातच कशा?

पिल्लाच्या पायांचा रंग मला कळला. आणि घरातला एक माणूस रात्र-रात्र झोपत नाही, ही बातमी तुम्ही वाक्याच्या शेपटीला 'म्हणून' लावून उरकून टाकलीत.

एवढ्याशा पिल्लाला रात्री दूध पाजणं काय असतं, हे तुम्हाला ठाऊक नसावं. तुम्ही झोपला होतात. दर तीन-चार तासांनी उठायचं. आधी पिल्लू हाताला गार लागतंय का ते बघायचं, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, त्याला अगोदर ऊब द्यावी लागते. पावडर कोमट पाण्यात कालवायची, गुठळी राहिली तर बाटलीचं बूच तुंबतं. पिल्लाला पोटावरच ठेवायचं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली दाबायची नाही, त्याला ओढू द्यायचं. पोट भरलं तरी सुटका नाही. आई चाटून जे काम करते ते माणसाने ओल्या कोमट कापसाने करायचं, कारण त्याशिवाय त्या वयाच्या पिल्लाला लघवीसुद्धा होत नाही. मग दुसरं पिल्लू, मग तिसरं. सकाळी वजन. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढलं तर ठीक, नाहीतर जिवाला घोर.

आईविना पिल्लं शेल्टरमध्ये फार दगावतात ती यामुळेच. रात्री त्यांच्यासाठी उठणारं कुणी नसतं, आणि गर्दीतला संसर्ग त्यांना झेपत नाही. तुमच्याकडची तिन्ही मात्र ठणठणीत आहेत. आणि नवऱ्याला माया नाही, असं तुम्ही मला लिहिता! धन्य आहे.

पण त्याचं कौतुक करून मी हा विषय गोड करणार नाही. मला खटकतंय ते तुमच्या पत्रातलं पुढचं वाक्य, बाटली बंद झाली तरी तो उठतो हे. पिल्लं आता बशीतलं मऊ अन्न खातात आणि रात्री एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. म्हणजे आठवडाभर रात्री २ वाजता तुमच्या घरात कुणालाही त्याची गरज नाहीये, तरी तो उठतोय. जागरण आधीचं आहे, पिल्लं नंतरची. 'तसाही' म्हणजे कधीपासून? पिल्लं यायच्या आधी त्या वेळी तो काय करायचा? छताकडे बघत पडून असायचा? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, आणि मला वाटतं, तुम्हालाही ते माहीत नाही.

कामावरचं काही असेल, पैशाचं असेल, तब्येतीचं असेल. मी इथे बसून अंदाज बांधत नाही. ते त्यालाच विचारावं लागेल, आणि विचारायचं तुम्ही.

तर आज रात्री २ वाजता उठा. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. पिल्लू ठेवण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, काढलंत तर तुम्ही मन वळवायला आलात असंच तो धरून चालेल. 'तुला झोप का लागत नाही?' एवढंच विचारा आणि गप्प राहा. तो म्हणेल, 'काही नाही, तू जा, झोप.' जाऊ नका. लगेच सांगितलं नाही तर उद्या पुन्हा उठा, परवाही उठा. आणि हे बरेच दिवसांपासून चाललंय असं कळलं, तर डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. 'एकदा दाखवून ये' असं दारातून सांगून मोकळ्या होऊ नका.

राहिली ती पांढऱ्या पायांची. परत द्या. शेल्टरने तुम्हाला पिल्लं सांभाळायला दिली आणि तुम्ही तारीख मान्य केलीत; दिल्या शब्दाला जागणाऱ्याला कोरडं म्हणू नये, विशेषतः मुलांसमोर. असंच एकेक मांजर ठेवून घेत गेलात तर पुढच्या अनाथ पिल्लांना तुमच्या घरात जागा राहणार नाही, आणि पिल्लांना पाजणं जमणारं घर शेल्टरला सहज मिळत नाही. मुलं रडतील. रडू द्या. तोवर त्यांना कामाला लावा: कोणतं पिल्लू कशाला घाबरतं, कुठे खाजवलं की घुरघुरतं, कुणाला शी-शूसाठी मातीच्या ट्रेची सवय लागली आणि कोण अजून कोपरा गाठतं, हे सगळं लिहून काढायला सांगा. दत्तक घेणाऱ्यांना त्या कागदाचा फार उपयोग होतो.

तारखेला मात्र दोनच आठवडे उरलेत. पिल्लं गेली की रात्री उठायला त्याच्याकडे निमित्तही उरणार नाही, आणि मग तो जागा आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. म्हणून उद्यावर ढकलू नका. फोनवर २चा गजर लावा आणि फोन उशाखाली ठेवा, मुलं उठायला नकोत.

– ताई