ऑर्डर-पेमेंट सिस्टीम बनवताना आधी पूर्ण सिस्टीमचं वागणं (कधी काय व्हायला हवं) लिहावं की थेट मॉड्यूल, म्हणजे सिस्टीमचे वेगवेगळे भाग, डिझाइन करायला हात घालावा?

आधी वागणं लिहा. प्रत्येक मॉड्यूल आपापल्या जागी बरोबर असूनही सगळं मिळून चुकू शकतं, आणि ती चूक एकेका मॉड्यूलच्या टेस्टमध्ये सापडत नाही.

नासाचं मार्स पोलर लँडर हे यान बघा. 3 डिसेंबर 1999 ला मंगळावर उतरताना ते हरवलं. चौकशीत सर्वात संभाव्य ठरलेलं कारण असं: सुमारे 1500 मीटर उंचीवर यानाचे पाय उघडताना त्यांच्यातल्या सेन्सरनी क्षणभर 'जमीन लागली' असा सिग्नल दिला. सॉफ्टवेअरने तो धरून ठेवला. 40 मीटरवर टचडाउनची (जमिनीला टेकल्याची) तपासणी सुरू झाली आणि तोच जुना सिग्नल खरा मानून इंजिनं बंद केली गेली. सेन्सर असं करू शकतात हे माहीत होतं. सिस्टीमच्या पातळीवर त्याचा बंदोबस्तही लिहिलेला होता, पण तो सॉफ्टवेअरच्या स्पेसिफिकेशनपर्यंत (सॉफ्टवेअरने काय करायचं याच्या लेखी यादीपर्यंत) नीट पोचलाच नाही. म्हणून नुसतं लिहून भागत नाही. कोणतं वाक्य कोणत्या मॉड्यूलने पाळायचं हेही ठरवावंच लागतं.

तुम्ही म्हणता त्या ऑर्डर-पेमेंट सिस्टीमला दोन पानं पुरतील. 'पैसे कापले गेले तर ऑर्डर कन्फर्म होईल किंवा पैसे परत जातील, तिसरं काही नाही' अशी वाक्यं लिहा. सर्व्हर मध्येच बंद पडला, तोच मेसेज दोनदा आला, तरी प्रत्येक वाक्य खरं राहतं का, हे कागदावरच तपासा. रिफंड कोणी सुरू करायचा हा प्रश्न तिथेच उभा राहतो, आणि मॉड्यूलच्या सीमा त्याच्या उत्तरावरून ठरतात. क्लास डायग्राम (कोडमधल्या भागांचा आराखडा) त्यानंतर काढा.