काठावरच्या शेतात पार्किंग करू का?

प्रश्न : नमस्कार काका. लोणार सरोवराच्या काठाजवळ आमचं दीड एकर कोरडवाहू शेत आहे. रविवारी अन् नवरात्रात गाड्यांना जागा पुरत नाही, लोक धुरा ओलांडून थेट आमच्या तुरीत गाडी घालतात. मुलगा म्हणतो, जेसीबी लावून शेत सपाट करू, मुरूम टाकू अन् गाडीमागे पन्नास रुपये घेऊ. करावं का?
— एक शेतकरी, लोणार तालुका

उत्तर : भाऊ, पैसे जरूर मिळवा, पण त्या शेतात जेसीबी घालू नका.

लोणार म्हणजे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा अन् तळाचं खारं पाणी, एवढंच आपण धरून चालतो. पण उल्का आदळली तेव्हा आतला खडक फुटून बाहेर फेकला गेला आणि काठाभोवती पसरला. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच दिसतो, त्यात या राडारोड्याचा मोठा वाटा आहे. तुमच्या नांगराला जे वेडेवाकडे धोंडे लागतात, ते बहुधा त्यातलेच. बेसाल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, पडलेले असे खड्डे पृथ्वीवर फार थोडे. अभ्यासक खड्ड्याइतकाच हा बाहेरचा थर तपासतात, अन् एकदा तो उकरला की पुन्हा रचता येत नाही. नांगर वरवर फिरतो, जेसीबी तसा फिरत नाही.

दुसरं कारण माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं. मी वनपाल होतो तेव्हा नवरात्रात खाली सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या देवळाला उतरलेल्या एका बाईचा पाय मोडला. चौघांनी तिला बाजेवर घालून चढ चढवला. वर आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, ॲम्ब्युलन्स मागेच अडकलेली. ती बाई पुढचा रस्ताही बाजेवरच गेली. काठावर जागा वाढवली की आणखी गाड्या येतात, रस्ता मात्र तेवढाच राहतो.

अमेरिकेत यूटाच्या कोरड्या मुलखात झायन नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथेही दरीत गाड्यांची अशीच कोंडी व्हायची. त्यांनी दरीत नवी पार्किंग बांधली नाही. २००० पासून गर्दीच्या हंगामात खाजगी गाड्या दरीच्या रस्त्यावर सोडत नाहीत, बस फिरते. शेजारच्या स्प्रिंगडेल गावातूनही उद्यानाच्या दारापर्यंत बस असते, म्हणून बरेच लोक गाडी गावातच लावतात. ही गोष्ट मला फार पटते, कारण गाडी गावात थांबली की चहा-नाश्ताही गावातच होतो.

आपल्याकडेही तेच व्हावं. गाड्या लोणार गावाच्या बाजूला, आधीच सपाट असलेल्या जागेत लावाव्यात. तिथून काठापर्यंत ऑटो. तुमच्या मुलाने पार्किंग चालवायचीच तर तिकडे जागा भाड्याने घ्यावी, नाहीतर ऑटो घ्यावा. आधी वनखात्यात विचारा, कारण हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. जमिनीचा वापर बदलतो का, ते तहसीलमध्ये विचारा. दोन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तुरीसाठी धुऱ्यावर वेड्या बाभळीच्या काट्यांची कुपाटी घाला, पण बाभळी अभयारण्यातून न विचारता तोडू नका. गाड्यांच्या सोयीचा विषय पोळ्याच्या आधीच नगर परिषदेत मांडा. घटस्थापना तोंडावर आली की तिथे कोणालाच ऐकायला सवड नसते.