आठवीतली मुलगी खेळायला जात नाही म्हणून काळजीत असलेल्या आईसाठी

"मॅडम, पोरगी आळशी झालीय बघा. शाळेतून आली की मोबाईल घेऊन पडते. वजन वाढूलालंय. थायरॉईड तपासलं, नॉर्मल आलं. बाहेर जा म्हटलं तर ऐकूलालीच नाही."

आठवीतल्या मुलीच्या आईचं हे म्हणणं. थोड्याफार फरकानं हीच तक्रार माझ्याकडे साखर पेठेतूनही येते आणि जुळे सोलापुरातूनही. म्हणून ही केस लिहितेय. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. मी आईला विचारलं, "ताई, तुमच्याकडे पाणी किती दिवसांआड येतं?"

"चार. कधी पाच."

"मग दोन मजले घागरी कोण चढवतं?"

"हीच की. माझं गुडघ्याचं दुखणं आहे ना."

"आणि मुलगा?"

"तो लहान आहे हो. शिवाय त्याची क्रिकेटची प्रॅक्टिस असते."

पाण्याच्या दिवशी दोन मजले पाणी वाहणाऱ्या मुलीला आळशी कसं म्हणायचं? मी विचारल्यावर आई हसली, पण "आळशी" हा शब्द तिनं पुन्हा काढला नाही. बोलता बोलता तिनंच आणखी एक गोष्ट सांगितली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मुलगी मैत्रिणींबरोबर रात्रीपर्यंत फिरली आणि दमली नाही. म्हणजे अंगात जोर होता. रोजच्या दिवसात तो वापरायला जागा कुठे आहे, हे आम्हाला शोधायचं होतं.

पुढच्या वेळी मुलीशी एकटीशी बोलले. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. पी.टी.चे तास वेळापत्रकात आहेत, पण त्यातला एक गणिताच्या बाई घेतात. उरलेल्या तासाला मुलं बॅट-बॉल घेऊन अख्खं मैदान धरतात आणि मुलींना "सावलीत बसा" असं सांगितलं जातं. आठवीपासून गणवेशात ओढणी आली. ती पिनांनी अडकवून धावायचं कसं, हे तिनं मला उभं राहून करून दाखवलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी हसली.

मग खरी गोष्ट निघाली. सहावीपर्यंत ती गल्लीत लंगडी, खो-खो सगळं खेळायची. सातवीत पाळी सुरू झाली. त्यानंतर एकदा दोरीवरच्या उड्या मारताना कोपऱ्यावरच्या टपरीतल्या पोरांनी तिच्याकडे मोबाईल रोखला. त्यांनी खरंच शूटिंग केलं की नाही, तिला माहीत नाही. आजीनं ते पाहिलं आणि हिला घरात घेतलं. दोरी माळ्यावर गेली. टपरीवरची पोरं अजून तिथेच बसतात.

हे एका घरापुरतं नाही, हे आईला कळावं म्हणून मी तिला जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगितले. 5 ते 17 वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं संघटना सांगते. 2016 सालच्या आकडेवारीनुसार जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं त्यात कमी पडत होती. मुलगे 78 टक्के, मुली 85. वयात येताना मुली मागे पडतात, त्यात शरीराचा भाग थोडा असतो. कपडे, नजरा, घरकाम आणि "आता मोठी झालीस" हे वाक्य यांचा भाग मोठा असतो, असं माझं मत आहे.

आजींना बोलावलं. विड्या वळून चार लेकरं वाढवलेली बाई. मला वाटलं होतं त्या अडून बसतील. त्या म्हणाल्या, "मी खेळू नको कधी म्हटलं? एकटी नको, एवढंच म्हटलं." त्यांची भीती खोटी नव्हती आणि ती खोडून काढण्यात अर्थही नव्हता. मी म्हटलं, "मग आजी, सोबत कोण?" थोडा वेळ गेला. "मी जाईन की. घरात बसून तरी काय करते?"

मुलीला बॅडमिंटन हवं होतं. आईचं म्हणणं, चालायला जा, वजन उतरेल. इथे मी मुलीच्या बाजूनं बसले. या वयात मुलींचं वजन वाढतंच आणि वजन उतरवायला म्हणून सुरू केलेलं चालणं पंधरवडाही टिकत नाही. ताटावर बसल्यावर वजनाचा विषय काढायचा नाही, हेही ठरलं.

आता गल्लीतल्या तिघी मिळून जवळच्या बागेत जातात. आजी शेजारणीला घेऊन बाकावर बसतात. वडील यंत्रमाग कारखान्यात आहेत. मुलाला ते रोज स्कूटरवरून पार्क मैदानावर सोडतात, त्याला किट आहे. मुलीकडे शाळेचे काळे बूट सोडून दुसरे नव्हते. हे ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत, पण रविवारी नवी पेठेत जाऊन बूट घेऊन आले. पाण्याच्या दिवशी अर्ध्या घागरी धाकट्यानं चढवायच्या, हेही ठरलं. यावर त्यानं बरीच आदळआपट केली.

एक गोष्ट मी वेगळी तपासायला सांगितली: हिमोग्लोबिन. थायरॉईड बघणारे पालक पुष्कळ भेटतात, हे बघणारे कमी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. हिचंही कमीच निघालं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून ती दप्तरात लपवायची. डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितली, ते तिला मानवलं. मुलीला जिना चढताना धाप लागत असेल, चक्कर येत असेल किंवा पाळीत फार रक्तस्राव होत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सहामाही परीक्षेत बागेत जाणं बंद पडलं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला, तेव्हा संध्याकाळी साडेसहाच्या आत बाहेर पडणं शक्यच नव्हतं आणि त्याच वेळी क्लास. शेवटी आईनं संध्याकाळच्या क्लासचीही वेळ सकाळची करून घेतली. सुरुवातीला हे तिला अगदी अशक्य वाटलं होतं. मोबाईल अजून आहेच, पण संध्याकाळी तो घरी राहतो, कारण बागेत आजींच्या हातात देणं मुलीला परवडत नाही.

ओढणीचं आणि मैदानाचं शाळेत अजून ठरायचंय. आईनं एकटीनं विचारलं तेव्हा "नियम आहे" एवढंच उत्तर मिळालं. जूनमधल्या पालकसभेला तिघींच्या आया एकत्र जाणार आहेत. पी.टी.च्या तासाला ओढणीऐवजी टी-शर्ट चालावा आणि आठवड्यातला एक तास मैदान मुलींना मिळावं, असा अर्ज त्यांनी लिहून ठेवलाय. अर्जाचा मसुदा मुलींनी केलाय.