पात्र नाही, लेखक नाही, आधी चित्रकाराचं नाव बघा

तुम्ही विचारलंय की २०२५ चे सुपरहिरो चित्रपट पाहून कॉमिक्सची गोडी लागली आहे, तर नव्या आणि येऊ घातलेल्या पुस्तकांपैकी काय घ्यावं, आणि निवडताना पात्र बघावं की लेखक. माझं उत्तर आहे, चित्रकार बघा. तुमच्या प्रश्नात पात्र आलं, लेखक आला, दिग्दर्शकही आला, पण ज्याने ते पान काढलं तो माणूस कुठेच नाही. याच मुद्द्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

आधी चित्रपट उरकतो. 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' वाईट आहे. मागच्या चित्रपटांची थकबाकी चुकवता चुकवता त्याला स्वतःची गोष्ट सांगायला वेळच उरत नाही. 'थंडरबोल्ट्स' आवडला, कारण शेवटची लढाई ठोशांनी जिंकलेली नाही. एक खचलेला माणूस स्वतःच्याच मनातल्या खोल्यांत अडकतो आणि बाकीचे आत जाऊन त्याला बाहेर काढतात. 'सुपरमॅन' चांगला आहे. इतका साधा, भला क्लार्क, म्हणजे चष्मा घालून माणसांत वावरणारा सुपरमॅन, पडद्यावर बऱ्याच काळाने दिसला. उत्तरार्धात गर्दी फार होते हे खरं. आपल्याकडे सेन्सॉरने त्यातल्या चुंबनदृश्याची ३३ सेकंदं कापली, त्याचा मला आजही राग आहे, कारण त्याची प्रेयसी लोइस आणि क्लार्कचं नातं हाच त्या चित्रपटाचा कणा आहे.

आणि 'द फॅन्टास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स'. गोष्ट म्हणून मध्यम, बघायला मात्र त्या वर्षीचा सगळ्यात देखणा. साठच्या दशकातलं ते शहर, ती यंत्रं, आकाश व्यापून उभा राहणारा, ग्रह गिळणारा गॅलॅक्टस, या सगळ्याचं मूळ जुन्या कॉमिक्सचा चित्रकार जॅक कर्बी याच्या पानांत आहे. चित्रपट बनवणाऱ्यांनी ते उघडपणे मान्यही केलंय. या चित्रपटांत अनेक समांतर पृथ्व्या असतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो, त्यांच्या पृथ्वीचा क्रमांक आहे ८२८. कर्बीचा जन्म २८ ऑगस्ट १९१७ चा, अमेरिकन पद्धतीने लिहिलं की आठ-अठ्ठावीस. शेवटी पडद्यावर कर्बीचं एक वाक्यही येतं, माझ्या पात्रांत बघाल तर मी तुम्हाला सापडेन, अशा अर्थाचं. लोक उठून जायला लागले होते. मी खुर्चीतून हललो नाही.

शेजारी काका बसले होते. आता त्यांची गोष्ट सांगायला हवी.

मी उपयोजित कला शिकून नुकताच बाहेर पडलो होतो. काका एका गिरणीच्या ऑफिसात होते आणि त्यांची ओळख सगळीकडे. त्यांच्याच ओळखीने एका छोट्या प्रकाशकाकडे मला कान्होजी आंग्र्यांवरच्या ३२ पानी चित्रकथेचं काम मिळालं. संहिता टाइप करून हातात आली. त्यात एके ठिकाणी एवढंच लिहिलेलं की इंग्रजांचं जहाज आणि आंग्र्यांची जहाजं समोरासमोर भिडतात, तोफा धडाडतात.

मी वाचायला लागलो. एशियाटिक लायब्ररीत ओळखीने बसायला मिळालं, रेवसची लाँच पकडून अलिबागला गेलो, ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात गेलो आणि वही भरून रेखाटनं केली. तेव्हा कळलं की आंग्र्यांच्या गुराबांवरच्या, म्हणजे शिडांच्या लढाऊ जहाजांवरच्या, मोठ्या तोफा नाळेवर असत, म्हणजे पुढच्या टोकाला. समोरच्या जहाजाच्या कुशीत तोफांची रांग. तिच्यासमोर जाऊन उभं राहणं म्हणजे मरण. म्हणून हे लोक मागून गाठायचे. वारा पडला की वल्हवणारी गलबतं गुराबांना ओढत इंग्रजांच्या पिछाडीला आणायची आणि मग मारा सुरू.

मग मी लढाई बदलली. समोरासमोरचं ते चित्र काढलंच नाही. त्याऐवजी चार पानांचा पाठलाग केला. पहिल्या पानावर पडलेली शिडं, दुसऱ्यावर फक्त वल्ही आणि घामेजलेल्या पाठी, तिसऱ्यावर इंग्रज कप्तान मागे वळून बघतो तेवढंच. चौथ्यावर अख्ख्या पानभर गुराबाची नाळ, थेट वाचकाच्या अंगावर येणारी. संवाद जवळजवळ नव्हतेच. संपादकाला ते इतकं आवडलं की त्याने पुढची दोन पानं त्याच्याशी जुळवून घेतली. पुस्तक बाजारात आलं तेव्हा ज्याने त्याने त्या पाठलागाचंच कौतुक केलं.

पुस्तकावर लेखकाचं नाव होतं, संपादकाचं होतं, मुद्रकाचं होतं. माझ्या जागी 'चित्रे : कला विभाग'. त्या कला विभागात मी सोडून कोणीही नव्हतं.

विचारायला गेलो तर मालक म्हणाले, नावाने पुस्तक खपत नाही. मूळ चित्रं परत मागितली तर म्हणाले, पैसे दिलेत, आता ती आमची. पुढे त्यांचं गोदाम पावसाळ्यात भिजलं, त्यात माझी पानंही गेली. काकांकडे तक्रार केली तर त्यांनी मालकांचीच बाजू घेतली. "चेक वटला ना? मग? नाव काय खायचंय?" हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक गणपतीत ऐकतोय. दोन पुतण्यांनी पाठ केलंय.

आता कर्बीकडे या. १९६६ साली 'फॅन्टास्टिक फोर'च्या ४८ ते ५० या अंकांत गॅलॅक्टस आला. लेखक स्टॅन ली आणि कर्बी यांचं ठरलेलं होतं ते एवढंच की विश्व गिळणारा कोणीतरी येतो. पानं आली तेव्हा लीला त्यांत एक चकचकीत माणूस फळीवर स्वार होऊन आकाशातून येताना दिसला. हा कोण, तर कर्बीने स्वतःच्या मनाने घातलेला सिल्व्हर सर्फर. एवढ्या अजस्र देवाचा एखादा पुढे धावणारा दूत असणारच, हा त्याचा हिशेब. म्हणजे त्या कथेतलं सगळ्यात लक्षात राहिलेलं पात्र संहितेत नव्हतं, ते कागदावर पेन्सिल टेकल्यावर जन्मलं. याला तुम्ही नुसती चित्रं म्हणाल? ही गोष्ट रचणंच आहे. याच कर्बीला आपली मूळ पानं परत मिळवायला ऐंशीच्या दशकात झगडावं लागलं, आणि १९८७ मध्ये हजारो पानांतली थोडीशीच हाती आली. १९९४ मध्ये तो गेला. त्याच्या वारसांची 'फॅन्टास्टिक फोर' काढणाऱ्या मार्व्हल कंपनीशी तडजोड झाली २०१४ मध्ये.

सुपरमॅनचंही तेच. जेरी सीगल लेखक, जो शूस्टर चित्रकार. १९३८ मध्ये दोघांनी मिळून हक्क विकले १३० डॉलरला. सत्तरच्या दशकात सीगल कारकुनी करत होता आणि शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली. मोठा चित्रपट येऊ घातला होता, नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी जाहीर बोंब ठोकली, तेव्हा कुठे १९७५ मध्ये दोघांना वर्षाला २०,००० डॉलर पेन्शन मिळालं आणि सुपरमॅनवर त्यांची नावं परत आली. बॅटमॅन घडवणाऱ्या लेखक बिल फिंगरला तर मरून एक्केचाळीस वर्षं झाल्यावर, २०१५ मध्ये, अधिकृत श्रेय मिळालं. या सगळ्यांचे चेक वटलेलेच होते, काका.

लोअर परळच्या ज्या मॉलमध्ये आम्ही 'फॅन्टास्टिक फोर' पाहिला तिथे पूर्वी गिरणीच होती. बाहेर आल्यावर मी काकांना ८२८ चा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "मेल्यावर दिलं ना? मग त्याला काय उपयोग?" मी म्हटलं, मग जिवंतपणी का नाही द्यायचं? त्यावर त्यांनी टॅक्सी बघायला सुरुवात केली.

आता खरेदी.

चित्रपट बघण्याआधी वाचायला हवं असं एकच सांगायचं तर 'सुपरगर्ल : वुमन ऑफ टुमॉरो'. जून २०२६ चा 'सुपरगर्ल' त्याच्यावरच बेतलेला आहे. लेखक टॉम किंग, आणि जिथे तिथे त्याचंच नाव घेतलं जातं. पण ते पुस्तक ब्राझीलच्या बिल्किस एव्हलीचं आहे. तिच्या रेषेत जुन्या परीकथांच्या पुस्तकांसारखी नजाकत आहे, कपड्यांच्या चुण्यांत आणि केसांत वारा दिसतो. मातेउस लोपेसच्या रंगांनी प्रत्येक ग्रहाचं आकाश वेगळं होतं. चित्रपटाच्या पोस्टरवरचा चेहरा मनात पक्का बसण्याआधी तिची सुपरगर्ल बघून घ्या.

'सुपरमॅन' आवडला असेल तर 'ऑल-स्टार सुपरमॅन' घ्याच, दिग्दर्शक जेम्स गनने त्याच्यावरून बरंच घेतलंय. फ्रँक क्वाइटलीचा क्लार्क पाठीत वाकून, पोट सोडून उभा राहतो आणि सुपरमॅन होताना फक्त खांदे मागे घेतो. त्या एका बदलावर विश्वास बसतो की चष्मा घातला तर याला कोणी ओळखणार नाही. मात्र सुपरमॅनची प्रकाशक कंपनी डीसीने काढलेल्या ९.९९ डॉलरच्या छोट्या कॉम्पॅक्ट आवृत्तीत हे घेऊ नका. लेखकाचं काहीच नुकसान होत नाही, शब्द तेवढेच राहतात. चित्रकाराची बारीक रेघ मात्र आकसते. पैसे साठवा, मोठ्या आकारात घ्या.

नव्या मालिकांत डीसीची, जुन्या नायकांना मुळापासून नव्याने घडवणारी 'अ‍ॅब्सोल्यूट' मालिका. 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'मध्ये ब्रूसकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, ना हवेली ना पैसा, आई जिवंत आहे आणि तो स्वतः इंजिनिअर. कल्पना स्कॉट स्नायडरची उत्तम, पण निक ड्रॅगोटाने त्याला जो दाराएवढा रुंद काढलाय आणि छातीवरचं चिन्ह काढून त्याची कुऱ्हाड केलीय, त्यावर ते पुस्तक चालतं. 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन' हेडन शर्मनच्या पानांच्या मांडणीसाठी घ्या. 'अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर' हाव्हिएर रॉड्रिगेसने रंगांतच विचार करून काढलंय, त्याचा चित्रपट कोणी करून दाखवावा. मार्व्हलकडून 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' घ्या, मार्को केकेत्तोचा संसारी, दाढीवाला पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, फार जिव्हाळ्याचा आहे.

२०२६ च्या पुस्तकांत मला ओढ आहे डीसीचा सुपरमॅन आणि मार्व्हलचा स्पायडर-मॅन पुन्हा एकत्र येण्याची. पहिली भेट १९७६ ची, रॉस अँड्रूने काढलेली. त्यातल्या काही आकृती नील अ‍ॅडम्सने आणि काही चेहरे जॉन रोमिटाने गुपचूप दुरुस्त केले होते, आणि त्यांचं नाव कुठेच नव्हतं. ५० वर्षांनी, २०२६ मध्ये, दोन्ही कंपन्या पुन्हा हे करतायत. डीसीच्या अंकाचा चित्रकार होर्हे हिमेनेस आहे आणि मला त्याची धावपळीची पानं आवडतात, म्हणून मी घेणार.

आपल्याकडचं विसरू नका. २०२३ चा 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' मराठीतही आला होता आणि त्यातल्या मुंबाटनचा, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेल्या शहराचा, साज सत्तरीतल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेला. इंद्रजालची ती रंगवलेली मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणियांची. आबिद सुरतींचा बहादूरही त्यांनीच काढला. अमर चित्र कथेचा 'कृष्ण' राम वाईरकरांचा. हिंदी कॉमिक्समधल्या नागराजला ज्यांनी अंगकाठी दिली ते प्रताप मुळीक आपले पुण्याचे. इंद्रजालमधला वेताळ सगळ्यांना आठवतो, ही नावं विचारून बघा किती जणांना माहीत आहेत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी चित्रकार आहे, त्यामुळे माझा कौल एका बाजूला झुकलेला आहे. चांगली गोष्ट नसेल तर नुसत्या देखण्या पानांनी पुस्तक तरत नाही, आणि वर सांगितलेल्या सगळ्यांत लेखकही दमदार आहेत. घरात लहान मूल असेल तर 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' त्याच्या हाती देऊ नका, मारामारी फार रक्तबंबाळ आहे. 'वुमन ऑफ टुमॉरो'सुद्धा सूडाची गोष्ट आहे, तेरा-चौदा वर्षांच्या पुढे ठीक. सुटे अंक इथे महाग पडतात आणि उशिरा येतात, सहा-सहा अंकांची एकत्र पुस्तकं घ्या. जुनी इंद्रजाल हवी असतील तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर विचारा, फोर्टपेक्षा तिथे घासाघीस जमते. आणि कान्होजी आंग्र्यांवरचं एखादं जुनं पातळ पुस्तक दिसलं, ज्यात शिडं पडल्यावर चार पानं कोणी फारसं बोलतच नाही, तर ते माझ्यासाठी घेऊन ठेवा. मागतील ती किंमत देईन.