मोटरसायकलला उंच हँडल बसवल्यावर ब्रेक लाइनचं माप कसं घ्यायचं, आणि ती घरी बदलता येते का?

हँडल पूर्ण वळवलं की पुढच्या ब्रेकची होज (ब्रेक ऑइल नेणारी नळी, म्हणजेच ब्रेक लाइन) ताणली जाते, असं तुम्ही लिहिलंय. तसं असेल तर नवी लाइन येईपर्यंत जुनं हँडल परत बसवा, ही कळकळीची विनंती. उभ्या गाडीत पुढचे शॉकअप गाडीच्या वजनाने थोडे दबलेले असतात. चाक खड्ड्यात उतरलं की ते पूर्ण उघडतात आणि ताण आणखी वाढतो. ब्रेक तुटायला त्याहून वाईट जागा नाही.

मापातही नेमकी हीच चूक होते. साइड स्टँडवर गाडी लावून टेप धरली की लाइन आखूड पडणार. पुढचं चाक जमिनीवरून उचला, शॉकअप मोकळे लोंबू द्या आणि मग मोजा. दोरी वापरू नका, ती कोपरे कापत सरळ जाते. जुन्या अॅक्सिलरेटर केबलचं वरचं कव्हर घ्या. ते होजसारखंच मोठं वळण घेतं. मूळ होज ज्या क्लिपांमधून जाते त्यांतूनच ते ओवा. वर मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक लिव्हरपाशी असतो तो) बँजो बोल्टचा, म्हणजे लाइनचं टोक बसवणाऱ्या पोकळ बोल्टचा मध्य, खाली कॅलिपरच्या (चाकापाशी डिस्क पकडतो तो) बोल्टचा मध्य, तिथे खुणा करा. हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे. जे माप मोठं भरेल ते धरा आणि वर एक-दोन सेंटीमीटर सोडा.

आता गाडी खाली घ्या, कुणाला तरी हँडलवर जोर द्यायला सांगून शॉकअप दाबा आणि जास्तीची लांबी कुठे जाते ते बघा. टायर, डिस्क, हेडलाइट कशालाच ती लागता कामा नये. नव्या लाइनवरची स्टीलची जाळी उघडी असेल तर ती कानशीसारखी रंग आणि प्लास्टिक घासून काढते, म्हणून वरून प्लास्टिकचं आवरण असलेलीच लाइन घ्या.

ऑर्डर देताना बँजोचा, म्हणजे लाइनच्या टोकाच्या कडीचा, कोन सांगावा लागतो, सरळ की वाकडा आणि किती अंशाचा. दोन्ही टोकं एकमेकांच्या हिशेबात कुठल्या दिशेला बघतात तेही सांगा, कारण ही लाइन पिळून बसवता येत नाही. बोल्ट बहुतेक 10 मिमीचाच असतो, पण आटे 1.0 किंवा 1.25 पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) असू शकतात. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा बोल्टही पहिले एक-दोन आटे आत जातो, पुढे जोर लावला की मास्टर सिलिंडरचे अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. जुने बोल्ट चांगले असतील तर मी तेच वापरतो.

गाडीला एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हँडल बदलल्याने सहसा फक्त मास्टर सिलिंडरपासून एबीएस युनिटपर्यंतची वरची लाइन लांब करावी लागते. पण काही मॉडेलमध्ये युनिटमधली हवा काढायला स्कॅनर लागतो, ते काम वर्कशॉपकडेच द्या.

बदलायचं काम अवघड नाही, किचकट आहे. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा. प्रत्येक बँजोच्या दोन्ही बाजूंना नवे वॉशर टाका, जुने पुन्हा नकोत. बोल्ट किती घट्ट करायचा ते मॅन्युअलमध्ये पाहून टॉर्क पान्याने करा. ऑइल मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलंच आणि सीलबंद डब्यातलं घ्या. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट 4 चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. डॉट 5.1 मात्र नाव सारखं असलं तरी डॉट 4 च्याच जातीचं आहे.

ब्लीडिंगला, म्हणजे लाइनमधली हवा काढायला, घाई नको. कोऱ्या लाइनमध्ये हवा भरपूर असते आणि वरच्या बँजोपाशी ती अडकून बसते. लिव्हर हळू, थोडी थोडी दाबत राहा, बुडबुडे मास्टर सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत वर येतील. मग उरलेली हवा खाली कॅलिपरवरच्या निपलमधून काढा. टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नका.

माझं मत विचाराल तर माप स्वतःच घ्या, तुमच्याइतकं निगुतीने दुसरं कुणी घेणार नाही. पण याआधी ब्लीडिंग केलेलं नसेल तर बसवताना जाणकार मेकॅनिक शेजारी असू द्या. शेवटी लिव्हर जोरात दाबून मिनिटभर तशीच धरा. ती हळूहळू आत जात असेल तर गाडी हलवू नका. कोरड्या टिश्यूने दोन्ही सांधे पुसून बघा, चालण्याच्या वेगात ब्रेक लावून बघा, आणि पहिल्या फेरीनंतर तेच सांधे पुन्हा पुसून बघा.