दुसरा चेलो

प्रिय चेलोवाल्या,

तुझा रुसवा फोनवरच कळला. शूबर्टचं क्विंटेट, पाच तंतुवाद्यांसाठीची ती रचना, बसवायचं ठरलं म्हणून नाचत होतास, आणि वाट्याला आला दुसरा चेलो! अरे, दोन व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ) आणि चेलो यांच्या जोडीला पाचवं वाद्य म्हणून मोझार्टसारखा आणखी एक व्हायोला शूबर्टला घेता आला असता. त्यानं चेलो घेतला, म्हणून तर पहिल्या भागात पहिला चेलो ती ई फ्लॅट पट्टीतली चाल गाऊ शकतो, खाली तुला सोबत घेऊन. ती गोडी तुम्हा दोघांची.

पण तुझी खरी परीक्षा अडाजोत, म्हणजे दुसऱ्या, संथ भागात आहे. दुसरं व्हायोलिन, व्हायोला आणि पहिला चेलो लांबच लांब स्वर धरून बसतात. लय इतकी संथ, की चाल पुढे सरकतेय की नाही असं वाटावं. वर पहिलं व्हायोलिन तुटक तुटक काही बोलतं, आणि तळाशी तू बो, म्हणजे गज, बाजूला ठेवून बोटानं तार छेडतोस. त्या तिघांना काळ सरतोय हे कळतं ते तुझ्या बोटामुळे.

तरुणपणी मी तिथे दुःख वाजवायला गेलो होतो. प्रत्येक छेडीवर डावा हात थरथरवायचो, शिवाय जरा थांबून, हळवा होऊन. रिहर्सलमध्ये व्हायोलावाल्यानं बो खाली ठेवला आणि म्हणाला, "तू रड, पण आमचा श्वास कोंडतोय." फार लागलं होतं. बरोबर होतं त्याचं.

तेव्हा नखाचा आवाज नको, बोटाचा मांसल भाग वापर. फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या फळीच्या, टोकाशी छेड आणि तार घुमू दे. पुढचा स्वर येईपर्यंत आधीचा ऐक. मधे एफ मायनर या काळोख्या पट्टीतलं वादळ येतं, तिथे पहिलं व्हायोलिन आणि पहिला चेलो टाहो फोडतात. तू खालून ढवळत राहा. मग पहिली चाल परतते, पण तुझ्या हाती आता बारीक स्वरांची वळवळ आहे. वादळ पुरतं शमलेलं नाही, हे एकट्या तुला सांगायचंय. तेही दबक्या आवाजात.

हे सगळं १८२८ सालचं. २ ऑक्टोबरला शूबर्टनं लाइपझिगच्या प्रकाशकाला या क्विंटेटबद्दल लिहिलं. तिकडे कुणाला रस नव्हता. १९ नोव्हेंबरला व्हिएन्नात तो गेला, वय ३१. छापून यायला १८५३ उजाडलं. मात्र प्रत्येक स्वरात मरण शोधत बसू नकोस; शेवटचा भाग चक्क नाचतो. (या क्विंटेटच्या सी मेजरसारख्या उजळ पट्टीत इतकी उदासी कशी, हे विचारू नकोस. चाळीस वर्षं वाजवून मलाही कळलेलं नाही.)

अगदी शेवटी पाचही जण मिळून डी फ्लॅट या स्वरावरून शेजारच्या सीवर येता. तो डी फ्लॅट घाईत उरकू नका, त्याला खुपू दे.

रविवारी ये. लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम घरीच ठेव, पेन्सिल आण.

तुझा,
सर