पार्क काउंटीतले छपराचे पूल: डबी शोधा, पण आधी पूल बघा

इंडियानापोलिसहून मुलांना घेऊन एका दिवसात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पार्क काउंटीतले जास्तीत जास्त छपराचे लाकडी पूल आणि तिथल्या जिओकॅश (जीपीएसवरून शोधायच्या लपवलेल्या डब्या) कशा उरकता येतील, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर उरकायच्या भानगडीत पडूच नका. तिथे असे ३१ पूल आहेत. एका दिवसात चार-पाच पुष्कळ झाले.

सुरुवात वेस्ट युनियनपासून करा. १८७६ चा, ३१५ फूट लांबीचा पूल, जे. जे. डॅनिअल्सने बांधलेला. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, त्यामुळे मुलं मोकळी सोडता येतात. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना लाकडी कमानी दिसतील. त्या पुलाच्या पृष्ठभागाच्या खालून निघतात, डोक्याच्या वर जातात आणि पुन्हा खाली उतरतात. नीट बघा, प्रत्येक बाजूला दोन-दोन कमानी आहेत आणि मधले उभे खांब त्यांनी दोन्हीकडून कवटाळलेत. हा थिओडोर बर या अमेरिकन पूल बांधणाऱ्याच्या पद्धतीचा सांगाडा. छप्पर आहे ते या सांगाड्यासाठी, माणसांसाठी नव्हे. कोकणात मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी झापं लावतात, तसंच. उघडं लाकूड वीसेक वर्षांत कुजतं, झाकलेलं शंभरी ओलांडतं.

तिथून जॅक्सन ब्रिज (१८६१) आणि टर्की रन पार्कातला नॅरोज (१८८२, हा जोसेफ ब्रिटन नावाच्या माणसाने बांधलेला). जॅक्सनवर अजून गाड्या चालतात आणि लेन एकच. उन्हातून आत येणाऱ्या ड्रायव्हरला अंधारात माणूस चटकन दिसत नाही. तेव्हा तिथे मोबाईलमध्ये डोकं घालून उभं राहायचं नाही, मुलांना तर हाताला धरूनच न्या.

आता शोधायचं कसं. छपराखाली आणि नदीकाठच्या झाडीत जीपीएस भरकटतं. बाण भिरभिरायला लागला की बाणाचा नाद सोडा आणि त्या डबीच्या माहितीत दिलेली हिंट वाचा. फळ्यांच्या फटीत बोटं घालू नका, गांधीलमाश्या असतात. पुलाच्या दगडी पायाशी तीन-तीन पानांची वेल दिसली तर ती पॉयझन आयव्ही, लांबच राहा. आणि खिळा उपटायची, फळी सरकवायची वेळ आली तर समजा, डबी तिथे नाहीच. खेळाच्या नियमांत भोकं पाडून लपवणं बसतच नाही. जिओकॅशच्या व्हर्च्युअल प्रकारात तर डबीच नसते, पाटीवरचं साल वगैरे वाचून उत्तर पाठवायचं. तोंडाच्या कमानीवर साल आणि बांधणाऱ्याचं नाव बहुधा रंगवलेलं असतंच. ‘पूल चालत ओलांडा’ (म्हणजे घोडे दौडवू नका) हा घोडागाडीच्या काळातला हुकूमही काही ठिकाणी वाचायला मिळेल. मुलांना तो भारी आवडतो.

ब्रिजटनलाही जा, पण तिथला पूल २००६ चा आहे हे मुलांना सांगा. मूळचा १८६८ चा पूल २००५ मध्ये कुणीतरी पेटवून दिला. त्यामुळे पुलाभोवती खुडबुड करणाऱ्या अनोळखी माणसाकडे गावकरी जरा रोखून बघणारच. विचारलं तर सरळ सांगा काय खेळताय ते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासूनचे दहा दिवस टाळा, तेव्हा इथे छपराच्या पुलांचा महोत्सव असतो. डबी इतरांच्या नकळत काढायची असते, आणि महोत्सवाच्या गर्दीत ते अशक्य. डबीतल्या कागदावर नाव लिहायला पेन स्वतःचं न्या, छोट्या डब्यांत नसतं. आणि नकाशे घरूनच उतरवून ठेवा, नदीच्या खोऱ्यात नेटवर्कचा भरवसा नाही.